गाडीवरची वाकळ

बेंगळूरात थंडी येते ती पाहुणीसारखी. दारात घुटमळते, आत येऊ की नको असं विचारते, आणि एकदा बसा म्हटलं की संक्रांत होऊन गेली तरी उठायचं नाव घेत नाही. राजाजीनगरातल्या त्या गल्लीत ती पहिल्यांदा कळायची अहल्याबाईंच्या गुडघ्यांना, मग फाटकापाशी उभ्या असलेल्या करंजाला, आणि सगळ्यांत शेवटी बाकीच्यांना. मग ट्रंकांतून माकडटोप्या निघायच्या. दूधवाला कानाला मफलर गुंडाळायचा. कोपऱ्यावर अवरेच्या, म्हणजे इकडच्या पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागायचे आणि त्यांचा हिरवा, तेलकट वास दिवेलागणीला घराघरांत शिरायचा.

या सगळ्याला हसायची ती एकटी भार्गवी, अहल्याबाईंची सून. ती नागपूरची. हिला तुम्ही थंडी म्हणता का आई, असं म्हणायची. आमच्याकडं अशा हवेत लोक पंखा लावून झोपतात. लग्नात अहल्याबाईंनी दिलेली मोरपंखी शाल तिनं घडी न मोडता ठेवून दिली होती. स्वेटर तर तिच्याकडं नव्हताच. श्रीवत्स तिला चिडवायचा, की ही नागपुरी संत्री, हिची सालच जाड. मग दोघं हसायची, आणि त्या हसण्यानं स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा वाजतात असं अहल्याबाईंना वाटायचं.

पण ती गोष्ट श्रीवत्स होता तेव्हाची.

श्रीवत्स अहल्याबाईंचा एकुलता एक. बेळ्ळंदूरहून मोटारसायकलवर घरी येताना रिंग रोडवर एका लॉरीनं त्याला नेलं. त्याला आता तिसरा हिवाळा. नागपूरहून भार्गवीचे आईवडील तिला न्यायला आले होते. तिच्या बॅगा बाहेरच्या खोलीत भरून ठेवलेल्या, रिक्षा दारात. तेव्हा ती आपल्या आईला हळू आवाजात म्हणाली की नको, आई एकट्या पडतील. ‘आई’ म्हणजे कोण, हे तिच्या आईला समजायला एक क्षण लागला. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या अहल्याबाईंना मात्र लगेच समजलं. ते वाक्य त्यांनी तुपाच्या भांड्यासारखं वरच्या फळीवर जपून ठेवलं. कधीतरी कोरडा घास गिळेना झाला की त्यातलं बोटभर काढायचं.

भार्गवीची नोकरीही बेळ्ळंदूरचीच. त्याच रस्त्यानं जायचं, त्याच रस्त्यानं यायचं. दोन चाकांवर मी तिला पाठवणार नाही, असं अहल्याबाईंनी धरून बसल्यावर त्यांचे थोरले भाऊ गुंडोअण्णा कामाला लागले. ते मागच्या गल्लीतच राहत. रोज सकाळी बहिणीकडं कॉफीला येत आणि कॉफीबरोबर दोनचार टोमणे देऊन जात. त्यांनी कुठूनशी एका म्हाताऱ्या डॉक्टरांची वापरलेली, विजेवर चालणारी, पांढरी छोटी गाडी हुडकून आणली. गाडीभोवती फिरून, बैलाचे दात बघावेत तशी तिची चाकं बघून त्यांनी निकाल दिला, की दुसऱ्याच्या दावणीची आहे, वयही झालंय, पण गुणाची आहे. बेळ्ळंदूरला जाऊन येईल, वर स्वल्प श्वास उरेल. त्याहून लांब मात्र हाकायची नाही.

ही गाडी आवाज करत नसे. पूर्वी मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की अहल्याबाई पोळी तव्यावर टाकायच्या. ही गाडी म्हणजे मांजर. दारात येऊन उभी राहिली तरी कळायची नाही. म्हणून त्या फाटकात जाऊन उभ्या राहू लागल्या. डास चावत, गुडघे भरून येत, पण त्या हलत नसत. ते बघून भार्गवीनं त्यांच्या मोबाइलवर गाडीचं एक ॲप घालून दिलं. त्यात एक हिरवी पट्टी होती. गाडीत वीज किती आहे ते ती पट्टी दाखवायची. आई, पट्टी निम्म्यावर थांबून असली की समजायचं मी ऑफिसात आहे, तिनं शिकवलं. कमी व्हायला लागली की निघाले. आणि अगदी शेवटचं बोटभर उरलं की कुकर लावा.

अहल्याबाईंची आई जात्यावर ओव्या गायची. सावली कुठवर आली यावरून ती शेतावरून परतणाऱ्या माणसांचा अंदाज बांधायची. अहल्याबाई हिरवी पट्टी वाचायला शिकल्या. साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायचा, पुढ्यात अवरेच्या शेंगा घ्यायच्या आणि एक डोळा शेंगांवर, एक पट्टीवर. पट्टी बारीक होत जायची तसा त्यांचा जीव मोठा होत जायचा. लेकरू जवळ येतंय.

त्या मार्गशीर्षात मात्र पट्टीचं गणित बिघडलं. बोटभर उरली तरी गाडी यायची नाही. अर्धं बोट, मग नुसती लाल रेघ. कुकर निवून जायचा. आणि मग केव्हातरी गाडी मुकाट्यानं आत येऊन उभी राहायची.

भार्गवी म्हणाली, “थंडीनं बॅटरी आखडते, आई. जुनी आहे ना. हळू चालवावी लागते, म्हणून उशीर होतो.”

नागपूरच्या पोरीच्या तोंडी बेंगळूरच्या थंडीची तक्रार. अहल्याबाईंनी तिथंच थबकायला हवं होतं. पण त्यांचे स्वतःचे गुडघे थंडीनं आखडत होते. वय झालेल्या जिवाला थंडी बाधते, यात नवल ते काय? त्यांना गाडीची दया आली.

त्याच संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून वाकळ काढली. त्यांच्या आईनं शिवलेली, जड, जुन्या नऊवारींच्या सहा थरांची. शेजारच्या कानडी बायका तिला कौदी म्हणत आणि हात फिरवून टाके बघत. त्या वाकळीची एक ओवीही होती, शिवताना आईनं जुळवलेली:

वाकळ शिवते बाई, टाका घालते नेटाचा
लेकीच्या अंगी जावो उबारा माझ्या पोटाचा

ती वाकळ अहल्याबाईंनी गाडीच्या नाकापासून काचेपर्यंत पसरली, कडा खोचल्या, आणि नकळत वर दोनदा थोपटलं.

सकाळी गुंडोअण्णा कॉफीला आले ते फाटकातच थांबले. म्हशीला झूल तर घातलीस, म्हणाले, आता शिंगंही रंगव. मग त्यांनी कॉफी पिता पिता ज्ञान दिलं, की अगं, हिची बॅटरी पोटाखाली असते, पाठीवर नव्हे. तू घोड्याच्या शेपटीला मफलर बांधतेयस. अहल्याबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाकळीला एक जुनी सोलापुरी चादर टाचली आणि दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडली, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. गुंडोअण्णांनी कपाळाला हात लावला.

भार्गवीनं पहिल्या सकाळी ती वाकळ पाहिली, तेव्हा ती किल्ली हातात धरून बराच वेळ नुसती उभी राहिली. वाकळ दवानं वरून ओली झालेली. तिनं ती स्वतः उचलली, झटकली, कठड्यावर वाळत घातली. आई, कशाला एवढं, असं काहीतरी बसक्या आवाजात म्हणाली. अहल्याबाईंना वाटलं, हिलाही थंडी बाधली. त्यांनी तिला आल्याचा तुकडा दिला.

असे बरेच दिवस गेले. संध्याकाळी पांघरायची, सकाळी काढायची. पट्टी काही सुधारली नाही. पौष लागला.

पौषातल्या एका संध्याकाळी धुकं लवकर उतरलं होतं. अहल्याबाई शेंगा सोलत होत्या. मोबाइलमधली पट्टी कमी होता होता थांबली. रस्त्यात अडकली असेल, त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पट्टीवर एक विजेची बारीक खूण उमटली आणि पट्टी वाढायला लागली.

हातातली शेंग हातातच राहिली. ही खूण त्या रोज रात्री बघत. घरापुढच्या उघड्या पडवीत गाडीला वायर जोडली की ती उमटायची. ऑफिसात चार्जर आहेत पण कधी म्हणून रिकामे मिळत नाहीत, असं भार्गवी वर्षभर कुरकुरत होती. आणि ऑफिस तर केव्हाच सुटलं होतं. पट्टी तिथून हललेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे गाडी कुणाच्या तरी घरी उभी होती. कुणीतरी तिला आपल्या घरची वीज पाजत होतं. गाय परक्या गोठ्यात चारा खात होती, आणि अंग चोरून नव्हे, निवांत.

रात्री भार्गवी आली ती भरल्या गाडीनं. जेवायला बसली, पण जेवून आलेल्या माणसासारखी अर्धी भाकरी चिवडत राहिली. आज ऑफिसात चार्जर मिळाला, असं न विचारताच म्हणाली.

“सरी, बरं झालं,” अहल्याबाई म्हणाल्या.

ताटं आवरल्यावर त्या उठल्या, वाकळ घेतली आणि रोजच्यासारखी गाडीवर घातली. आता थंडीची गोष्ट खोटी आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण वाकळ घातली नाही, तर ठाऊक आहे हे भार्गवीला कळलं असतं. मग ती बोलली असती. आणि एकदा ती बोलली, की बाहेरच्या खोलीत पुन्हा बॅगा दिसल्या असत्या. कडा त्यांनी रोजच्यापेक्षा खोल खोचल्या. थंडी होतीच तशी.

चार दिवसांनी गुंडोअण्णा चष्मा आणायला जयनगरला गेले आणि दुसऱ्या सकाळी कॉफीला आले तेव्हा टोमणा नव्हता. पेला खाली ठेवून त्यांनी सांगितलं, की तुझी म्हैस मी जयनगरात पाहिली. एका शांत गल्लीत, एका जुन्या घरापुढं. खिडकीतून वायर आलेली. आधी वाटलं दुसरी कुठली असेल, पण वायपरमध्ये तुझ्या वाकळीचा धागा अडकलेला. घराच्या पायरीवर एक म्हातारी अवरे सोलत होती, शेजारी भार्गवी. तीही सोलत होती. एक चष्मेवाला माणूस आतून पाणी घेऊन आला. पोरगा बरा वाटला.

“आणि ती?” अहल्याबाईंनी विचारलं.

“हसत होती.”

 अहल्याबाईंना पहिल्यांदा आठवलं ते आपलं सूप. आपण इथं एकटीनं शेंगा सोलतो, आणि ती तिथं. मग राग आला, तो त्या न पाहिलेल्या म्हातारीचा. मग त्या रागातून वाट काढत तो शब्द वर आला. हसत होती. या घरात भांडी वाजली नव्हती, त्याला तिसरं वर्ष चालू होतं.

गुंडोअण्णा म्हणत होते, की स्पष्ट विचार तिला. वाईट काही नाही त्यात, तरणी पोर आहे, पण तू आंधळी का होतेस? उद्या ती गेली की या घरात तू आणि भिंती. निदान गाडी तरी काढून घे, ती तुझ्या पैशाची आहे.

“थंडी आहे, अण्णा,” अहल्याबाई म्हणाल्या. “थंडीत गाडी स्वल्प लांबून फिरून येते.”

गुंडोअण्णांनी बहिणीकडं पाहिलं. साठ वर्षं तिला ओळखत होते. उरलेली कॉफी त्यांनी संपवली.

संक्रांत आली. शेजारणींनी फाटकावरूनच तीळ-गूळ-खोबऱ्याच्या पुड्या दिल्या. इकडच्या रीतीप्रमाणं गोड बोला म्हणाल्या. संध्याकाळी गल्लीभर हळदीकुंकू होतं. नटलेल्या बायका या घरावरून पुढं जात होत्या. अहल्याबाईंच्या दारात थांबायचं त्यांना कारण नव्हतं. या घरात आता दोन बायका होत्या, आणि दोघींचीही ओटी कुणी भरत नव्हतं. अहल्याबाईंना त्याची सवय होऊन वीस वर्षं झाली होती. भार्गवी खिडकीशी उभी राहून एका लहान मुलीच्या परकराकडं बघत होती. अहल्याबाईंनी तिच्या पाठमोऱ्या मानेकडं पाहिलं. एवढीशी मान. किती दिवस ती अशी खिडकीशी धरून ठेवायची?

त्या रात्री भार्गवी त्यांच्या शेजारी येऊन बसली. सुपातली एक शेंग उचलली, नखानं उकलली, दाणा काढला, पुन्हा सुपात टाकला.

“आई, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय.”

 अहल्याबाईंनी सूप झटकलं, टरफलं गोळा केली.

“थंडी सरू दे,” त्या म्हणाल्या. “थंडीतलं बोलणं बाधतं. थंडी सरली की बोलू.”

भार्गवीनं त्यांच्याकडं बघितलं.  मग मान हलवली. त्या क्षणापासून दोघींमध्ये एक करार झाला आणि थंडी त्याची साक्षीदार झाली.

मग अहल्याबाई थंडीला विनवू लागल्या. कानडी माणसं म्हणतात की थंडी शिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. शिवरात्र अजून लांब होती. तोवर तरी राहा बाई, त्या म्हणत. गुडघे दुखले की त्यांना बरं वाटे. पहाटे करंज धुक्यात बुडालेला दिसला की त्या हात जोडत. दळण आता गिरणीत जात होतं, पण ओवी मनात फिरायची थांबत नव्हती. ती आईची नव्हती, त्यांचीच होती:

थंडी गं पाहुणी, घाल अंगणी मुक्काम
उडत्या पाखराला दे गं पंखांचा आराम

पाखराला आराम, असं म्हणायचं. खरं तर मागत होत्या पिंजरा. हे त्यांनाही कळत होतं.

पण त्या वर्षी पाहुणी लवकर उठली. एका सकाळी अहल्याबाईंनी वाकळीला हात लावला तर ती कोरडी. खडखडीत कोरडी. दव नाही, गारवा नाही, आणि करंजाला चिमुकली पोपटी पालवी. गल्लीत दूधवाला मफलरीशिवाय आला होता.

अहल्याबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, तुळशीपाशी ठेवलेला तांब्या आणला आणि बोटांनी वाकळीवर पाणी शिंपडलं. हळूहळू, नीट, सगळीकडं, देवाच्या पूजेत शिंपडतात तसं. फुलाला पाणी घालावं तसं त्या खोट्याला पाणी घालत होत्या.

भार्गवी बाहेर आली, वाकळ उचलली, ओल्या जागेवर तळवा टेकवून क्षणभर थांबली.

“आज दव खूप पडलंय,” ती म्हणाली.

“हो ना. थंडी काही हलत नाही.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज पहाटे अहल्याबाई दव पाडत आणि भार्गवी रोज ते कठड्यावर वाळत घालत होती.

आणि एक दिवस भार्गवी स्वेटर घालून खाली उतरली. जाड लोकरीचा, गळ्यापर्यंत बंद, नवाकोरा. दुकानातली किमतीची चिठ्ठी बाहीला तशीच लोंबत होती. फाटकाबाहेर ऊन चढलेलं, शेजारचा म्हातारा बनियनवर पेपर वाचतोय, आणि ही नागपूरची पोर, जिनं आयुष्यात बेंगळूरच्या थंडीला थंडी म्हटलं नाही, लोकरीत गुंडाळून उभी. ती वाकळ घडी करायला वाकली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब अहल्याबाईंना दिसले. कपाळाचे केस घामानं चिकटलेले. वाकळीची घडी छातीशी धरून ती म्हणाली, की आज चांगलीच थंडी आहे, आई, शाल घ्या. आणि हसायचा प्रयत्न केला.

गाडी गेली. अहल्याबाई पडवीच्या पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. तांब्यात उरलेलं पाणी बाजूला पडलेलं.

आपण पाणी शिंपडलं ते आपल्यासाठी. तिनं स्वेटर घातला तो कुणासाठी? ती बोलून मोकळी होऊ शकली असती. उन्हाकडं बोट दाखवून, आई, सरली थंडी, एवढंच म्हणायचं होतं. पण ती म्हणाली नाही. ती सासूची थंडी अंगावर घेऊन, घाम पुसत, बेळ्ळंदूरच्या रहदारीत बसली असेल. अशी ती शिवरात्रीपर्यंत बसेल. त्यानंतरही बसेल. वैशाखातही बसेल. वरच्या फळीवरचं ते वाक्य, आई एकट्या पडतील, तूप म्हणून आपण इतके दिवस चाटत होतो, आणि ती तिथं त्याच्यावर जळत होती.

गुंडोअण्णा आले. बहिणीच्या तोंडाकडं बघून त्यांनी कॉफी मागितली नाही. स्वतःच आत जाऊन दोघांसाठी केली, आणि ती कडू झाली म्हणून स्वतःलाच नावं ठेवली. त्यांना अहल्याबाईंनी एकच काम सांगितलं, की येताना एक नारळ आणा, आणि खणाचा तुकडा. हिरवा. अण्णांनी कुणासाठी असं विचारलं नाही.

दोन दिवसांनी रथसप्तमी होती. सुट्टीचा वार. सूर्याचा रथ उत्तरेकडं वळतो तो दिवस. अहल्याबाईंनी पहाटे पडवी धुतली. गाडीच्या तोंडापुढं रांगोळीनं रथ काढला. दोन चाकं, सात घोडे. घोडे त्यांना कधीच नीट जमले नव्हते, या वर्षी तर शेळ्यांसारखे झाले. गोवरी पेटवून लहान बोळक्यात दूध ठेवलं आणि ते उतू जायची वाट बघत बसल्या. दूध पूर्वेला उतू गेलं. गाडीवरची वाकळ त्यांनी आधीच काढून घडी घातली होती, कोरडी, जशी होती तशी.

भार्गवी बाहेर आली. स्वेटर घातलेला.

“काढ तो,” अहल्याबाई म्हणाल्या. “थंडी गेली.”

भार्गवी जागची हलली नाही. तिनं कोरड्या वाकळीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. मग एक एक करून बटणं काढली. शेवटचं बटण तिला निघेना. अहल्याबाईंनी पुढं होऊन काढून दिलं, शाळेत जाणाऱ्या पोरीचं काढावं तसं.

“नाव काय त्याचं?”

“हर्ष,” ती म्हणाली. आणि मग, “कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“गाडी परक्या घरी पाणी प्यायली त्या दिवसापासून.”

भार्गवी खाली बसली. पायरीवर, रांगोळीच्या चाकाशेजारी. तिनं तुटक तुटक सांगितलं. तो तिच्याच ऑफिसातला. आधी नुसतं फिरत राहायचो, आई, घरी यायचा रस्ता लांब करत. रोज ठरवायचे आज तुम्हाला सांगीन. घरी यायचे तर तुम्ही गाडीवर वाकळ घालत असायच्या. मग माझं तोंडच उघडायचं नाही. मी नाही म्हणून सांगते त्याला. तुम्ही नको म्हणा, मी आत्ता फोन करते.

अहल्याबाईंनी तिला पुढं बोलू दिलं नाही. त्यांनी आतून ताट आणलं. ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण. भार्गवीनं ते ताट पाहिलं आणि दोन्ही हात मागं घेतले.

“तुझी भरू नये म्हणतात,” अहल्याबाई म्हणाल्या. “आणि मी कुणाची भरू नये म्हणतात. गल्ली बघते आहे. पण गाडीची पूजा करायला कुणाची ना आहे?”

त्यांनी गाडीचं दार उघडलं. चालवणाऱ्याच्या जागेवर खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या ओंजळीतले काही दाणे खाली सांडले. रस्त्यानं जाणाऱ्या शेजारणीनं मान वळवून पाहिलं. गाडीची पूजा चाललेली दिसली, ती पुढं गेली. अहल्याबाई पुटपुटत होत्या, ओठातल्या ओठात, पण भार्गवीला ऐकू आलं:

सूर्याच्या गं रथाला सात घोडे, सात वाटा
माझ्या लेकीच्या पायी मोडू नये एक काटा

पदर नव्हता म्हणून तोंडात स्वेटर कोंबून भार्गवी रडली.

या घरची रीत अशी, की ओटी भरली की लेकीनं त्यातले चार दाणे परत द्यायचे, घर रितं होऊ नये म्हणून. भार्गवीला ती रीत श्रीवत्सशी लग्न झालं तेव्हा याच पडवीत शिकवली होती. तिनं डोळे पुसले, सीटवरचे चार दाणे चिमटीत उचलले आणि सासूच्या तळहातावर ठेवले. मग ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली आणि सोडेना.

“तुम्ही पण चला,” ती म्हणाली. “जयनगरला. त्याची आई फार चांगली आहे.”

“शेंगा नीट सोलते का?”

“नाही. निम्मे दाणे चिरडते.”

“मग शिकव तिला,” अहल्याबाई म्हणाल्या.

लग्न फाल्गुनात झालं, नोंदणी कचेरीत. नागपूरची माणसं आली होती. गुंडोअण्णा नवा कोट घालून गेले आणि दोन्हीकडच्यांना त्यांनी हसवलं. अहल्याबाई गेल्या नाहीत. घरी पुरण शिजत होतं असं त्यांनी कारण दिलं, आणि पुरण खरंच शिजवलं. बॅगा पुन्हा बाहेरच्या खोलीत आल्या. या वेळी त्या अहल्याबाईंनी स्वतः भरल्या होत्या. मोरपंखी शाल सगळ्यांत वर, घडी न मोडलेली. वाकळही घेऊन जा, असं गुंडोअण्णा म्हणाले, तर अहल्याबाईंनी मान हलवली. वाकळ बाहेर जाणाऱ्याला देत नाहीत, त्या म्हणाल्या. ती घरी येणाऱ्यासाठी ठेवायची असते.

भार्गवी पाया पडली. गाडी निघाली. आवाज तिला नव्हताच, त्यामुळं ती कधी वळली आणि कधी दिसेनाशी झाली ते करंजालाही कळलं नसेल.

गुंडोअण्णा थोडा वेळ थांबले. पडवीत गाडी उभी असायची त्या जागेकडं बघून म्हणाले, की पेट्रोलची असती तर निदान तेलाचा डाग तरी उरला असता. ही बया एक ठिपका ठेवून गेली नाही. बहिणीनं हसावं म्हणून ते म्हणाले होते. ती हसली नाही, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि ते घरी गेले.

अहल्याबाई आत आल्या. साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवलेला होता. ॲप काढू का, असं भार्गवीनं विचारलं होतं. राहू दे म्हणाल्या होत्या. पट्टी कमी होत होती. पूर्वी ती कमी झाली की लेकरू जवळ यायचं. आता कमी होत होती तसं लांब जात होतं. त्या बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं पट्टी थांबली आणि तिच्यावर विजेची बारीक खूण उमटली. पोहोचली. वायर लावली कुणीतरी.

शेंगांचा हंगाम संपला होता. हाताला काही काम नव्हतं. त्यांनी घडी घातलेली वाकळ उचलली आणि बाहेर आल्या, ऊन दाखवून माळ्यावर टाकावी म्हणून. बाहेर फाल्गुनाचं ऊन कडक झालं होतं, फरशी पायाला पोळत होती. पडवीच्या मधोमध, जिथं गाडी उभी असायची, तिथं त्या वाकल्या आणि तळहात टेकवला.

तेवढी जागा अजून गार होती.

त्यांनी वाकळ उलगडली आणि त्या जागेवर घातली. कडा नीट केल्या. पदराच्या गाठीतले चार दाणे एकदा चाचपून बघितले, आणि मग वाकळीवर हलक्या हातानं दोनदा थोपटलं.